फळीभर रेल्वे

वर्तकनगरच्या जुन्या म्हाडा वसाहतीतल्या घरात, किंवा पुनर्विकासानंतर तिथेच उभ्या राहिलेल्या इमारतीतल्या दोन-अडीच खोल्यांत, आगगाडीचा लेआउट करायचा म्हटले की पहिला प्रश्न जागेचा येतो आणि पुष्कळदा तोच शेवटचाही ठरतो. ज्याला हा छंद खुणावतो तो मनातल्या मनात भिंती सरकवू लागतो : मुलांचे अभ्यासाचे टेबल इकडे, दिवाण तिकडे, कपाट आणखी कुठेतरी. काही जमत नाही असे दिसले की ‘मोठे घर घेऊ तेव्हा बघू’ म्हणून हौसेने घेतलेले एखादे इंजिन आणि चार डबे माळ्यावर जातात. ठाण्यात मोठे घर म्हणजे काय आणि ते कधी होते, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. या प्रस्तावनेत मला एवढेच मांडायचे आहे, की ही वाट पाहणे मुळात एका चुकीच्या समजुतीवर उभे आहे. छोटा लेआउट म्हणजे मोठ्या लेआउटची गरीब नक्कल, अशी ती समजूत. माझ्या मते थोडक्या जागेतली रेल्वे हा वेगळाच प्रकार आहे. त्याची स्वतःची शिस्त आहे आणि तिचा पहिला नियम असा : जिथे खऱ्या रेल्वेलाच जागेची किंवा पैशाची काटकसर करावी लागली, असे ठिकाण निवडा. महाराष्ट्रात अशा ठिकाणांना तोटा नाही, आणि त्यांतली काही तर ठाण्याच्या दारातच आहेत.

आधी हिशेब मांडू, कारण या छंदातली बरीचशी निराशा हिशेब न मांडल्यामुळे येते. ठाणे ते कल्याण हे रेल्वेचे अंतर साधारण २० किलोमीटर. प्रतिकृतींच्या जगात सर्वांत रुळलेले प्रमाण एच-ओ, म्हणजे १:८७. त्यात हे अंतर २३० मीटर होते. त्याहून लहान एन प्रमाणात, म्हणजे १:१६० मध्ये, ते १२५ मीटरवर येते. पारसिकचा बोगदा १९१६ साली सुरू झाला, त्याची लांबी १.३ किलोमीटर. एकट्या बोगद्याला एच-ओत १५ मीटर आणि एनमध्ये ८ मीटर लागतील, आणि त्या सगळ्या लांबीत गाडी दिसणारसुद्धा नाही. बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरहून थोडी लांब; एच-ओत ती जवळजवळ ३ मीटर होते, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसती उभी राहील, हलायला जागा उरणार नाही. आता येऊरच्या पायथ्याशी बंगला असलेला माणूस घ्या. त्याच्या तळमजल्यावर लोकल फिरेल, पण ठाणे-कल्याण मावेल का? तेही नाही. जर्मनीत हॅम्बुर्गला ‘मिनियाटूर वुंडरलँड’ नावाचे भव्य प्रदर्शन २००१ साली सुरू झाले. तिथे १:८७ प्रमाणात १६ किलोमीटरच्या आसपास रूळ आहेत. जगात याहून मोठी जागा या छंदाला क्वचितच मिळाली असेल. तिथला मॅटरहॉर्न पर्वत सहा मीटरच्या आसपास उंच आहे. प्रमाण काटेकोर पाळले असते तर तो पन्नास मीटरांहून उंच करावा लागला असता. तेव्हा डोंगर छाटणे, अंतर आखडणे, गाव अर्ध्यावर सोडणे यातून सुटका कोणाचीच नाही. काय गाळायचे आणि काय ठेवायचे हा प्रश्न हॅम्बुर्गलाही आहे आणि वर्तकनगरलाही. फरक इतकाच, की वर्तकनगरवाल्याला त्याचे उत्तर फळी कापण्याआधी द्यावे लागते.

हे उत्तर बहुतेक जण चुकीचे देतात. दुकानातून येणाऱ्या पहिल्या संचात गोल किंवा लांबट वर्तुळाचे रूळ असतात, आणि गाडी ‘फिरली पाहिजे’ ही कल्पना तिथूनच डोक्यात बसते. छोट्या जागेत वर्तुळासारखा वाईट पर्याय नाही. आपल्या ब्रॉडगेजवर १० अंशांहून तीव्र वळण देत नाहीत. १० अंशांचे वळण म्हणजे १७५ मीटरची त्रिज्या. एच-ओमध्ये ती दोन मीटर होते, म्हणजे अर्ध्या वळणालाच चार मीटर रुंदीची खोली हवी. संचातल्या रुळांची त्रिज्या मात्र ३६ सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे खऱ्या मापात जेमतेम ३१ मीटर. तेवढ्या वळणावर एक्स्प्रेसचा लांब डबा घातला की त्याचा मधला भाग रुळाच्या आत आणि दोन्ही टोके बाहेर लटकतात. तिरडी वाकवून जिन्यावरून उतरवावी तसा तो दिसतो. शिवाय वर्तुळ अख्खी फळी खाऊन टाकते. मध्ये उरलेल्या तळहाताएवढ्या जागेत मग स्टेशन, देऊळ, तळे आणि डोंगर एकमेकांना खेटून बसतात, आणि गाडी त्यांच्याभोवती दर पंधरा सेकंदांनी तेच तोंड घेऊन येते. कंटाळा इथून येतो. जागेला त्याचा दोष देणे अन्यायाचे आहे.

खऱ्या रेल्वेने जागा कमी पडल्यावर काय केले, ते पाहणे म्हणून उपयोगाचे. बोरघाट १८६३ साली वाहतुकीला खुला झाला. जेम्स बर्कली या जीआयपी रेल्वेच्या मुख्य अभियंत्यापुढे १,८३१ फूट चढण होती, ३७ फुटांना १ फूट असा तीव्र चढ होता, आणि वळसा घ्यायला कड्यावर जागा नव्हती. त्याने वळसा घेतलाच नाही. खंडाळ्याच्या अलीकडे एका अरुंद सोंडेवर उलट-स्थानक बांधले. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडले जायचे, आणि गाडी आल्या दिशेकडे तोंड करून वरच्या रुळाने पुढे चढायची. ही वाट १९२९ पर्यंत वापरात होती. आता याच दृश्याकडे फळीच्या नजरेने पाहा. वर्तुळाची गरज नाही. गाडी डावीकडून येते, थांबते, इंजिन सुटते, बाजूच्या रुळाने मागे जाते, दुसऱ्या टोकाला जोडले जाते, आणि गाडी चढाच्या रुळाने पुन्हा डावीकडेच निघून जाते. पाच फुटांच्या फळीवर, मागे एक उभा कडा, पुढे दरी, एवढ्यात हे सारे बसते. बघणाऱ्याला यात काही कमी केल्यासारखे वाटत नाही, कारण कमी करायचे काम बर्कलीने आधीच करून ठेवले आहे. मूळ ठिकाणच अडचणीचे असेल तर आपली अडचण दिसत नाही, उलट ती त्या दृश्याचा गुण होते.

माथेरानची गाडी हे याचे दुसरे आणि जास्त परिचयाचे उदाहरण. पीरभॉय कुटुंबाने स्वतःच्या पैशातून १९०४ ते १९०७ या काळात ती बांधली. रुळांमधले अंतर दोन फूट, चढ काही ठिकाणी वीसास एक, वळणे इतकी तीव्र की ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कारखान्याकडून खास इंजिने घ्यावी लागली. त्यांचे पुढचे आणि मागचे कणे वळणावर बाजूला सरकू शकत. म्हणजे ज्या तीव्र वळणामुळे एक्स्प्रेस हास्यास्पद दिसते, तेच वळण माथेरानच्या गाडीला शोभते, तिची ओळखच ते आहे. डबे आखूड, गाडी चार-पाच डब्यांची, वेग बैलगाडीहून थोडा जास्त. नेरळच्या फलाटाच्या एका कडेला उभी असलेली ही गाडी आणि तिच्यामागे झाडीत शिरणारा पहिला चढ एवढेच घेतले तरी ठाण्या-कल्याणचा माणूस नाव न सांगता ओळखेल. ओळख पटायला किती थोडे लागते, हे ज्याला कळले त्याचा जागेचा प्रश्न निम्मा सुटला.

तिसरे उदाहरण बार्शी लाइटचे, आणि इथे गणित फार गमतीचे होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी म्हणजे ७६२ मिलिमीटरची रेल्वे सुरू केली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ साली मिरजेपर्यंत गेली. कॅलथ्रॉपपुढे टंचाई जागेपेक्षा पैशाची होती. म्हणून त्याने रूळ हलके घेतले, यार्डाला अवघे ३० पौंड वजनाचे, आणि प्रत्येक कण्यावर पाच टनांहून जास्त भार येणार नाही अशी इंजिने-डबे आखले. आता ७६२ ला ८७ ने भागा : ८.७६ मिलिमीटर. बाजारात एन प्रमाणाचा रूळ मिळतो तो ९ मिलिमीटरचा. म्हणजे डबे आणि माणसे एच-ओच्या मापाची घ्यायची, रूळ आणि इंजिनाखालची यंत्रणा एनची घ्यायची, की बार्शी लाइट पाव मिलिमीटरच्या फरकाने फळीवर उतरते. याउलट ब्रॉडगेजचे १,६७६ मिलिमीटर १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर होतात, तर बाजारातला एच-ओ रूळ १६.५ मिलिमीटरचा, कारण तो परदेशी स्टँडर्ड गेजवर बेतलेला आहे. भारतीय ब्रॉडगेजचे इंजिन त्यावर ठेवले की जवळजवळ तीन मिलिमीटरने अरुंद पायांवर उभे राहते. जाणकाराला हे खुपते. तेव्हा ‘आधी मुख्य लाइन, मग सवडीने नॅरोगेज’ असा जो क्रम हौशी लोक लावतात तो मापाच्या दृष्टीनेसुद्धा उलटा आहे. घरातल्या फळीवर बार्शी मुंबईपेक्षा खरी असते. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची ‘शकुंतला’ही याच अडीच फुटी जातीची, म्हणून तिलाही हाच हिशेब लागू.

घाट आणि गवताळ माळ नको, आपले ठाणेच हवे, असे म्हणणारे असतील आणि त्यांचे बरोबर आहे. पण आजचे दहा फलाटांचे ठाणे करायला जाऊ नये. कल्याण जंक्शन तर मुळीच नको, कारण कसारा आणि कर्जत या दोन वाटा फुटतात तिथले यार्ड हा एखाद्या मंडळाने दहा वर्षे करायचा उद्योग आहे. त्यापेक्षा कॅलेंडरमध्ये मागे जावे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली १४ डब्यांची गाडी ठाण्याला पोहोचली हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. कल्याणपर्यंतचा मार्ग १ मे १८५४ ला सुरू झाला हे मात्र फारसे लक्षात राहत नाही. या दोन तारखांमधले वर्षभर ठाणे हे शेवटचे स्टेशन होते. शेवटचे स्टेशन म्हणजे रूळ संपतात, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला न्यावे लागते, आणि गाडी आली तशी परत जाते. हे छोट्या फळीचे सर्वांत जुने आणि सर्वांत खात्रीचे रूप आहे. ब्रिटिश संपादक सिरिल फ्रीझर यांनी १९५७ साली ‘मिनोरीज’ नावाचा शहरी टर्मिनसचा जो आराखडा छापला, त्यात तीन फलाटांचे धावते स्टेशन साधारण सात फूट लांब आणि फूटभरही रुंद नसलेल्या फळीवर बसवले होते, आणि आजही त्याच्या आवृत्त्या निघत आहेत. वीज हवी असेल तर ३ फेब्रुवारी १९२५ घ्यावा : व्हीटी ते कुर्ला, हार्बरमार्गे, विजेवरची पहिली लोकल. ती चार डब्यांची होती. एन प्रमाणात चार डबे अर्ध्या मीटरहून किंचित जास्त भरतात, आणि दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असल्यामुळे इंजिन फिरवायची जागाही वाचते. बारा डब्यांची लोकल कापून चार डब्यांची केली तर लबाडी दिसते; १९२५ ची चार डब्यांची लोकल चारच डब्यांची दाखवली तर तो इतिहास असतो.

गाडी फळीवरून जाते कुठे, हा प्रश्न उरतो. त्याचेही उत्तर ठाण्याजवळच आहे. पारसिकच्या बोगद्याचे तोंड हे कुठल्याही रंगभूमीच्या विंगेइतके सोयीचे आहे. गाड्या डोंगरात शिरतात आणि दिसेनाशा होतात. फळीवर त्या तोंडामागे फूट-दीड फुटाची उघडी पट्टी ठेवली की गाड्या तिथे उभ्या राहतात, हाताने बदलता येतात आणि पुन्हा बाहेर येतात. बाहेरच्याला वाटते गाडी मुंब्र्याच्या पलीकडून आली. डोंगर नको असेल तर रस्त्याचा पूल, फलाटावरचा आडवा पादचारी पूल, एखादी उंच इमारत, यांतले काहीही हे काम करते. जगाचा शेवट लपवण्याची ही युक्ती फळी जितकी आखूड तितकी जास्त काळजीने योजावी लागते.

आता आक्षेपांकडे. सर्वांत वजनदार आक्षेप असा, की एवढ्याशा रुळावर करायचे काय? गाडी आली, गेली, संपले. याला उत्तर मालगाडीच्या यार्डात आहे. रेल्वेचे काम गाडी पळवण्यापुरते कधीच नसते. डबे वेगळे करणे, लावणे, हव्या त्या क्रमाने उभे करणे, म्हणजे शंटिंग, हे त्यातले निम्मे काम. आपल्याकडे मालाच्या डब्याला वाघीण म्हणतात, हा एका इंग्रजी शब्दाला मराठी जिभेने दिलेला नखे-दातांचा अवतार आहे, आणि सांधे बदलणाऱ्याला सांधेवाला. या दोघांचा खेळ ॲलन राइट या ब्रिटिश छांदिष्टाने ‘इंगलनूक’ नावाच्या आराखड्यात बांधला. दोन सांधे, तीन रूळ : एकावर पाच वाघिणी मावतात, बाकी दोहोंवर तीन-तीन, आणि पुढच्या आखूड रुळावर इंजिन अधिक तीन वाघिणी. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि निघालेल्या क्रमानेच लांब रुळावर लावून द्यायच्या. आठांतून पाच क्रमवार निवडण्याचे प्रकार होतात ६,७२०. रोज एक डाव मांडला तरी सगळे प्रकार संपायला अठरा वर्षे लागतील. आपल्या बॉक्सएन जातीच्या वाघिणीची लांबी १०.७ मीटर, एनमध्ये ६.७ सेंटिमीटर, डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन १७.१ मीटर, म्हणजे १०.७ सेंटिमीटर. पाच वाघिणींचे साडेतेहेतीस, इंजिन आणि तीन वाघिणींचे एकतीस, दोन सांध्यांचे साधारण पंचवीस : सगळा यार्ड ९० सेंटिमीटरांत, म्हणजे तीन फुटांत. एच-ओत पाच फुटांच्या थोडे वर. बुद्धिबळाच्या पटाला कोणी ‘एवढ्याशा चौकटीत करायचे काय’ असे विचारत नाही.

तरीही हा आक्षेप पूर्ण खोडला असे मी म्हणणार नाही. लांबलचक गाडी संथपणे लयीत जाताना पाहण्यात जे सुख आहे, ते तीन फुटांत मिळत नाही. पुऱ्या लांबीची डेक्कन क्वीन कमानपुलावरून जाताना हवी असेल, तर फळीवर तिची लाचार आवृत्ती करू नये; पुण्याला जावे. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभे केलेले लघु-रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांना खुले आहे. सिग्नल, उड्डाणपूल, अनेक गाड्या एकाच वेळी, रात्रीचे दिवे, हे सगळे तिथे आहे. मोठ्या लेआउटचे सुख सार्वजनिक असते, ते जाऊन घ्यावे. छोट्या लेआउटचे सुख हाताला काम देण्यातले, ते घरी मिळते. एकाकडून दुसऱ्याची अपेक्षा केली की दोन्हीकडून निराशा पदरी येते.

खर्चाचा आक्षेप रास्त आहे, पण तो मोठ्या लेआउटविरुद्ध जास्त जातो. चांगली इंजिने आणि रूळ बहुतांशी बाहेरून येतात, आणि खेळण्यांवरची आयात-जकात २०२० साली २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ साली ७० टक्के झाली. प्रमाणबद्ध प्रतिकृती जकातीच्या दृष्टीने खेळण्यांतच मोडतात. अशा बाजारात चाळीस फूट रूळ आणि वीस सांधे घेणाऱ्यापेक्षा तीन फूट रूळ आणि दोन सांधे घेणारा सुखी. एक बरे इंजिन, बाकी हाताने. फलाट सनबोर्डचा, स्टेशनची इमारत वहीच्या पुठ्ठ्याची, तारांचे खांब अगरबत्तीच्या काडीचे, जमीन गाळलेल्या चहाच्या वाळवलेल्या चोथ्याची. भारतीय डबे तयार मिळत नाहीत ही तक्रार वीस डबे करायचे असतील तेव्हा खरी ठरते. तीनच करायचे असतील तर महिन्याला एक याप्रमाणे तिमाहीत होतात, आणि ते दुकानात कोणाकडेच नसतात.

घरच्यांचा आक्षेप मात्र हिशेबाने मिटत नाही, आणि मिटू नये. दोन खोल्यांतली मोकळी जागा एकट्याची नसते. कायमचा मांडलेला लेआउट म्हणजे त्या घरातल्या प्रत्येकाकडून रोज घेतलेले कर्ज. म्हणून छोट्या जागेतला लेआउट उचलता आलाच पाहिजे, ही अट मी सोयीची न मानता नैतिक मानतो. आपल्याला ही अट नवी नाही. गणपतीचा देखावा दीड, पाच किंवा दहा दिवसांनी मोडून पुढच्या वर्षासाठी माळ्यावर जातो, आणि त्यासाठी घडीचे मखर, खिळ्याऐवजी खाचा, खुणा केलेले तुकडे या युक्त्या घरोघर चालत आल्या आहेत. दिवाळीतला किल्ला तर इमारतीच्या कोपऱ्यात, पोती, विटा आणि मातीवर, अळीव पेरून उभा राहतो. त्यात कुंभाराकडचा मावळा तटबंदीहून उंच असतो आणि तरीही तो रायगड म्हणूनच ओळखला जातो. ज्या समाजाच्या मुलांना हे दरवर्षी करता येते, त्याने प्रतिकृतीची कला परदेशातून आणावी लागेल असे समजणे जरा विनोदी आहे. जपानमधल्या लहान घरांनी हाच मार्ग धरला : काटो कंपनीने १९६५ साली तिथे एन प्रमाणाची पहिली गाडी आणली, आणि जेवणाच्या टेबलावर मांडून रात्री डब्यात भरून ठेवायची रेल्वे तिथे रुळली. एकच दृश्य एच-ओऐवजी एनमध्ये केले की क्षेत्रफळ तिसऱ्या हिश्श्याहून कमी होते, हे त्यामागचे साधे गणित. चार फूट बाय एक फुटाची फळी दाराच्या मागे उभी राहते, दिवाणाखाली सरकते, किंवा माळ्यावर आडवी जाते. कार्ल आरेंट या अमेरिकी छांदिष्टाने ‘सूक्ष्म लेआउट’ची मर्यादा चार चौरस फूट अशीच घातली होती.

साहित्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण परदेशी पुस्तके ती सांगत नाहीत. ठाण्याचा पावसाळा लाकडाचा शत्रू आहे. प्लायवूड सहा बाजूंनी रंगवावे, फक्त वरून रंगवले तर ते जुलैत पोट काढते आणि रूळ उचलले जातात. रुळांच्या जोडांत नखाएवढी फट सोडावी. खऱ्या रेल्वेने ती उन्हासाठी सोडली, आपण दमटपणासाठी सोडायची. पितळी रूळ लवकर काळवंडतात, निकेल-सिल्व्हरचे उशिरा. जिथे आजूबाजूला इमारती पाडणे-बांधणे चालू आहे तिथे धूळ ही इंजिनाच्या चाकांची मुख्य व्याधी. झाकण नसलेला लेआउट करूच नये. थर्मोकोल वापरण्याचा मोह होईल, पण २०१८ च्या राज्यबंदीनंतर मखरवाले पुठ्ठ्याकडे वळून जे शिकले तेच आपणही शिकावे. पुठ्ठा आणि कागदाचा लगदा हलका असतो, आणि उचलायच्या फळीला हलकेपणाच हवा.

शेवटचा आक्षेप फक्त इथलाच आहे. ज्याला रोज सकाळी डोंबिवलीहून किंवा ठाण्याहून लोकलला लोंबकळत जायचे आहे, त्याने घरी येऊन पुन्हा रेल्वेच का पाहावी? मला वाटते, त्याने त्याचसाठी पाहावी. गर्दीत उभ्या माणसाला रेल्वे दिसतच नाही, त्याला समोरच्याची पाठ आणि दाराची दांडी दिसते. दारालगतचा कठडा, फलाटाच्या टोकाचा उतार, सांध्यापाशी चकाकणारी रुळाची कड, पारसिकच्या तोंडावरचा काळा दगड, हे त्याच्या रोजच्या वाटेवरच असते आणि वर्षानुवर्षे नजरेतून सुटते. फळीवर फूटभर फलाट करायला घेतला, की फलाटाची उंची किती, कडेवरचा दगड कसा बसवला आहे, खडी कुठे संपते आणि तेलकट माती कुठे सुरू होते, हे विचारावे लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे लागते. याने गर्दी कमी होत नाही, हे खरेच.

पुढील प्रकरणांत फळी कापण्यापासून तारा जोडण्यापर्यंतची कृती क्रमाने दिली आहे. त्यांकडे वळण्याआधी वाचकाला एक विनंती : दुकानात जाऊ नका, मोजपट्टी घ्या. घरातली सर्वांत लांब मोकळी भिंत मोजा, मग दाराच्या मागची जागा, मग दिवाणाखालची. तिन्हींतला सर्वांत लहान आकडा कागदावर लिहा. तुमच्या रेल्वेची लांबी तीच. त्याखाली बोरघाट, नेरळ, कुर्डुवाडी, १८५३ चे ठाणे, १९२५ ची चार डब्यांची लोकल, यांपैकी एकच नाव लिहा, आणि मग पान उलटा.